चारकोपला गाडी बंद पडली

माझ्या बायकोला माझ्या बहुतेक भानगडी ठाऊक आहेत. लग्नाआधीच्यासुद्धा. ही मात्र तिलाही ठाऊक नाही. पोरांना नाही, भावाला नाही, आणि ज्याला सगळ्यात आधी सांगायला हवं होतं त्याला तर नाहीच नाही. कधी तोंडाशी आलं की मी विषय बदलतो — क्रिकेट काढतो, गुडघेदुखी काढतो. आज तुमच्यासमोर बसलोच आहे, तर बोलून टाकतो. मध्येच अडखळलो तर जरा सांभाळून घ्या.

मी रेस करायचो. हसू नका. ऐंशीच्या दशकातली गोष्ट आहे, मिशी काळी होती, पोट आत होतं. मुलुंडच्या एका कारखान्यात मेंटेनन्समध्ये होतो आणि डोक्यात चोवीस तास मोटरसायकल. उपनगरातल्या अशाच गाडीवेड्या पोरांचा एक क्लब होता. चारकोपला तेव्हा सेक्टर उभे राहायचे होते. भराव टाकून सपाट केलेली मोकळी जमीन, पलीकडे खाडीची तिवरं. तिथे चुन्याच्या रेघा मारून, जुने टायर रचून त्यांनी मातीचा ट्रॅक केला होता. मधोमध मुरमाचा एक उंचवटा मुद्दाम ठेवलेला. वेगात आलात की त्यावरून गाडी हवेत जायची. शनिवारी प्रॅक्टिस, रविवारी रेस.

गाडी दोघांची होती. माझी आणि मिलिंदची.

मिलिंद कोण, ते आधी सांगायला पाहिजे. आयटीआयला आम्ही एका बाकावर होतो, एकाच दिवशी त्याच कारखान्यात लागलो, एकाच परीक्षेतून. त्याचे वडील अकोल्याकडून आलेले, घर बौद्ध. आम्ही मालवणकडचे, माझे वडील गिरणीत होते, संपानंतर घरीच बसले. डबा आम्ही एकत्र खायचो. त्याच्या बायकोचा, सुनंदाचा ठेचा आणि माझ्या आईचं सुकट. भंगारात निघालेली अडीचशे सीसीची टू-स्ट्रोक गाडी दोघांनी मिळून घेतली आणि सुट्टीच्या दिवशी खपून खपून उभी केली. ठरलं होतं — या वेळी मी चालवणार, तो गाडीचं बघणार; पुढच्या रेसला तो चालवणार आणि मी बघणार. पहिली पाळी त्यानेच मला दिली. "तुझं वजन कमी आहे रे," म्हणाला. खरं कारण तो बोलला नाही. दुसरा नंबर मिळाला की मी रुसतो, हे त्याला आयटीआयपासून माहीत होतं.

शनिवारी निघताना आई दारात उभी राहून म्हणाली, "हातपाय मोडून इलंस तर घरात घेवचंय नाय हां." मी हसलो. गाडीवर मागे मिलिंद, त्याच्या मांडीवर हत्यारांची पिशवी, पवईवरून हायवेला लागलो तेव्हा वाटत होतं, उद्याची रेस आपलीच.

आणि मग तो शनिवार! काय सांगू, नुसता वैताग. पहिली गोष्ट, पोचल्यावर गाडी गार झाली आणि पुन्हा चालूच होईना. किक मारून मारून पोटरी भरून आली. चालू झाली तर प्लग ओला. प्लग बदलला तर क्लच घसरायला लागला. ट्रॅकवर धूळ इतकी की पुढचा माणूस दिसेना, म्हणून पाण्याचा टँकर आणला, तर वळणावर चिखल झाला आणि मी सरळ टायरांच्या ढिगात. दुपारपर्यंत एकही फेरी मनासारखी गेली नव्हती. आणि तो उंचवटा — दरवेळी जवळ आला की अ‍ॅक्सिलरेटरवरचा माझ्या मनगटाचा पीळ आपोआप सैल पडायचा. मी मिलिंदवर खेकसलो, "गाडीत दमच नाय यार, तू काय ट्यून केलंय काय माहीत."

त्याने हात पुसले. "दे, मी एक फेरी मारून बघतो," म्हणाला.

मी दिली. हेल्मेट आमच्यात एकच होतं, तेही उधारीचं. त्याने ते चढवलं आणि गेला. त्या उंचवट्याशी पोचला तेव्हा तो फुटरेस्टवर उभा होता, गुडघे थोडे वाकवलेले; गाडी हवेत गेली आणि अशी अलगद उतरली की धूळसुद्धा जरा उशिराच उडाली. कडेला चहा पीत बसलेली पोरं ओरडली, "झकास!" परत येऊन तो म्हणाला, "गाडी बरोबर आहे रे. जरा कार्ब्युरेटर साफ करू या, बस."

मला त्या क्षणी काय वाटलं, ते पुढे सांगतो. थोडं पुढे.

संध्याकाळी त्याच्या दारातच त्याने कार्ब्युरेटर खोलला. सुनंदा टॉर्च धरून बसली होती. पेट्रोलसाठी तिच्याकडून त्याने स्टीलची वाटी घेतली, तशी ती म्हणाली, "ही वाटी आता परत घरात घेणार नाही हां मी." त्याने जेट, म्हणजे पेट्रोल जातं ते बारीक भोकाचं पितळी नळकं, धुतलं, फुंकलं, उजेडासमोर धरून बघितलं, पुन्हा फुंकलं. मी बाजूला स्टुलावर बसून पोहे खात होतो. त्या वेळी मी मन लावून काही बघत असेन तर ती पोह्याची बशी. त्याच्याकडे मी बघत नव्हतो.

रविवारी आमच्या आधीच्या रेसमध्ये घाटकोपरचा एक मुलगा पडला. उंचवट्यावरून उडाला, गाडी तिरकी उतरली आणि त्याच्यावरच आली. लोकांनी गाडी उचलली तेव्हा त्याचा पाय दिसला. पाऊल भलतीकडे वळलेलं. तो ओरडत नव्हता, नुसता पायाकडे बघत होता. त्याला टेम्पोत घालून नेलं, चुन्याची रेघ पुन्हा मारली, आणि आमची रेस पुकारली.

मिलिंदने माझ्या हेल्मेटचा पट्टा घट्ट केला. म्हणाला, "उंचवट्याला गिअर खाली टाक. कुणाला काही दाखवायचं नाही आपल्याला. नीट परत ये."

ऐकलंत ना तुम्ही? त्याने मला मोकळीक दिली होती. मी हळू चालवू शकलो असतो. शेवटचा येऊ शकलो असतो. काय बिघडलं असतं? पण दोन्ही बाजूंनी माणसं उभी होती. कारखान्यातली पोरं आली होती, शनिवारी चहा पिता पिता ओरडलेली पोरंही होती. आणि मी सुरुवात चांगली केली होती, तिसरा होतो. पहिल्या फेरीला उंचवट्यावर सीटला चिकटून बसलो. दुसऱ्या फेरीला डोळे मिटले. खरंच मिटले, गाडीवर. आणि मग सरळ रस्त्याला लागल्यावर —

सांगतो. सांगतोच.

टाकीखाली डाव्या बाजूला पेट्रोलचा कॉक असतो. तो फिरवला की पेट्रोल बंद. पण गाडी लगेच थांबत नाही. कार्ब्युरेटरमध्ये थोडं पेट्रोल उरलेलं असतं, ते जळेपर्यंत पळते, मग खोकते आणि मरते. मी डावा हात हँडलवरून काढला आणि कॉक बंद केला. मीच. धूळ इतकी होती की कुणाला दिसणं शक्यच नव्हतं, आणि हे मी हात खाली नेण्याआधी बघून घेतलं होतं. उंचवट्याच्या अलीकडच्या वळणावर गाडी गुदमरली. मी कपाळावर हात मारल्यासारखं केलं. तेही केलं मी. गाडी ढकलत कडेला आणली आणि मिलिंद धावत पोचायच्या आत कॉक पुन्हा उघडला.

हळू चालवणारा भित्रा दिसतो. गाडी बंद पडलेला माणूस बिचारा दिसतो. मला बिचारं दिसायचं होतं.

मिलिंद धापा टाकत आला, जमिनीवर बसला आणि तिथेच कार्ब्युरेटर खोलला. आता धुळीच्या ट्रॅकवर पळालेल्या गाडीच्या कार्ब्युरेटरमध्ये काही ना काही सापडणारच ना? त्याला एक कण सापडला. नखावर घेऊन त्याने मला दाखवला. त्याचा चेहरा उतरला होता. "माझंच चुकलं यार," तो म्हणाला. "काल पेट्रोल गाळायची जाळी नीट बसली नसणार. वर्षाच्या मेहनतीची वाट लावली मी."

तेव्हा सांगता आलं असतं. आजूबाजूला कुणी नव्हतं, आम्ही दोघंच. मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणालो, "असू दे रे."

मी त्याला माफ केलं. कळतंय का तुम्हाला? मी — त्याला.

पुढचं याहून वाईट आहे. क्लबच्या मंडपात आलो तर सगळे विचारायला लागले, काय झालं, तिसरा होतास, काय झालं? मी म्हणालो, "कार्ब्युरेटरमध्ये कचरा. काल मिलिंदने साफ केला होता, पण..." ते 'पण' मी तसंच लोंबकळत सोडलं. क्लबमधला एक जण, फेऱ्यांची वेळ मोजायला बसायचा तो, घड्याळ खिशात टाकत म्हणाला, "कोट्यातला मेकॅनिक ठेवल्यावर असंच व्हायचं."

लोक हसले. मीही हसलो. आवाज नाही केला, पण दात दाखवले. मग मागे वळलो तर दोन हातांवर मिलिंद, हत्यारांची पिशवी खांद्याला लावून. त्याने ऐकलं की नाही, मला माहीत नाही. त्याच्या तोंडावरून काही कळलं नाही. "निघू या," एवढंच म्हणाला.

परत येताना गाडी एकदाही खोकली नाही. चारकोप ते मुलुंड, लोण्यासारखी. मागून मिलिंद म्हणाला, "बघ, कचरा काढल्याबरोबर कशी पळतेय." मी मान हलवली. घरी सुनंदा दारातच उभी होती, काय झालं म्हणून. त्याने सांगितलं, "माझ्यामुळे गेली रेस." तर ती माझ्याकडे बघून म्हणाली, "भावजी, मीच टॉर्च नीट धरला नसेल." तिने चहा केला. मी तो प्यायलो आणि आल्याचा चहा चांगला झालाय, असंही म्हणालो.

पुढची रेस दिवाळीनंतर होती. त्याची पाळी. मी विचारलं तेव्हा तो मशीनच्या पट्ट्याला हात लावून उभा होता, वर न बघता म्हणाला, "नको. तू चालव. आणि गाडीसाठी दुसरा कुणी बघ." मी एकदा म्हणालो, "असं काय करतोस रे." एकदाच. दुसऱ्यांदा म्हणालो नाही.

का म्हणालो नाही? शनिवारी मला काय वाटलं ते सांगायचं राहिलंय ना, ते हेच. तो अलगद उतरला तेव्हा मला कळलं होतं की गाडी माझ्यापेक्षा त्याच्या हातात शोभते. त्याला रेसला उतरवलं असतं तर ते सगळ्यांना कळलं असतं. आता तो उतरणार नव्हता. माझी भीती झाकली गेली होती आणि वर हेही मिटलं होतं. मला हायसं वाटलं. आधी हायसं वाटलं आणि लाज नंतर आली, बरीच नंतर.

मीही मग रेस सोडली. लोकांना सांगितलं, "मिलिंद नाही तर मी पण नाही." कँटीनमध्ये पोरं म्हणायची, दोस्ती असावी तर अशी. गाडी विकली. मिलिंद पुढे मेंटेनन्समधून बदली मागून स्टोअरला गेला. त्याचं कारण तो रविवार होता की आणखी काही, मी कधी विचारलं नाही. कारण तेच निघालं असतं तर? पुन्हा त्याला इंजिनाला हात लावताना मी पाहिलं नाही. माझी स्कूटर बंद पडली तरी तो म्हणायचा, "मेकॅनिकला दाखव बाबा, मी बिघडवून ठेवीन."

मधल्या काळात मला संधी किती आल्या, विचारू नका. त्याचे वडील गेले तेव्हा रात्रभर शेजारी बसलो होतो. माझ्या ऑपरेशनला रक्त द्यायला तो आला होता. निवृत्तीच्या समारंभात आम्ही दोघं एकाच सोफ्यावर, गळ्यात हार घालून. प्रत्येक वेळी मी मनाशी म्हणायचो, आज नको, आजचा दिवस खराब कशाला करायचा.

त्याच्या मुलीचं लग्न मुलुंडच्या हॉलमध्ये झालं. जेवणाच्या पंगतीत तो जावयाला माझ्याकडे घेऊन आला. "हे आमचे विलासकाका. एकेकाळचे रेसर बरं का! चारकोपला जिंकलेच असते, माझ्या हलगर्जीपणामुळे हरले." आणि हसला, मोकळेपणाने, म्हातारी माणसं जुन्या चुकांवर हसतात तसा. जावई भला मुलगा. म्हणाला, "होतं असं कधी कधी, बाबा." सुनंदा वाढप्याला थांबवून माझ्या ताटात जिलेबी वाढायला सांगत होती.

मी म्हणालो, "जाऊ दे रे, किती जुनी गोष्ट काढतोस."

जिलेबी खाल्ली. आणखी एक घेतली.

मिलिंद आता नाहूरला राहतो. माझ्या घरून चालत जाता येतं. रविवारी सकाळी तो घरीच असतो, हे मला माहीत आहे. मी गेलेलो नाही.