लुंबिनीकडची बाजू

९ डिसेंबर २०२३, शनिवार. रुपये तेवीस हजार चारशे. विष्णुपुरीच्या एका चहाच्या टपरीवर हा व्यवहार झाला. विकणारा इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाचा मुलगा होता. घेणारा अश्वजित गजभारे, लातूरला आमच्या डाळ मिलमध्ये वजनकाट्यावर क्लार्क. पैसे माझ्या फोनवरून गेले, कारण अश्वजितची भिशी त्या महिन्यात लागली नव्हती आणि मुलगा थांबायला तयार नव्हता. मी लेकीकडे नांदेडला गेलो होतो म्हणून सोबत होतो, एवढाच माझा संबंध. गिटारमधलं मला काही कळत नाही. मिलचे हिशेब बघण्यात माझी चौतीस वर्षं गेली.

वस्तू म्हणजे जेवणाच्या डब्यापेक्षा थोडी मोठी, पत्र्याची काळी पेटी. वर पायाने दाबायची बटणं आणि एक छोटा पडदा. तिला मॉडेलर म्हणतात. गिटारची वायर तिच्यात घालायची, की जुन्यानव्या कुठल्याही अँपचा, म्हणजे गिटारचा आवाज मोठा करणाऱ्या पेटीचा, आवाज ती हुबेहूब काढते. अँप नसतो, फक्त त्याचा आवाज असतो.

"दादा, दोनशे आवाज आहेत यात," मुलगा म्हणाला.

"मला एकच पाहिजे," अश्वजित म्हणाला.

तो एक आवाज त्याच्या भावाचा होता. थोरला भाऊ दयानंद, त्याची बायको लुंबिनी आणि ढोलकीवर मामा व्यंकटी, अशी त्यांची नांदेडची गायन पार्टी होती. जयंतीला, बुद्धपौर्णिमेला, कुणाच्या घरभरणीला बोलावणं यायचं. लुंबिनी गायची, दयानंद गिटार वाजवायचा आणि गाणीही तोच बांधायचा. अश्वजित तेव्हा वायरी गुंडाळायचा आणि माईक लावायचा. मे २०२१ मध्ये सहा दिवसांच्या तापात दयानंद गेला. त्याचा जुना अँप, हैदराबादेत बनवून घेतलेला, मोठ्या पेटीएवढा, घराच्या कोपऱ्यात तसाच पडून होता. वर्षभराने लुंबिनीनेच तो भंगारवाल्याला दिला. रोज बघवत नव्हता म्हणाली. गिटार मात्र दिली नाही.

तेव्हापासून ती गायली नव्हती. सकाळी अंगणवाडी, दुपारनंतर घर. मग मुरुडच्या एका मंडळाने बुद्धपौर्णिमेसाठी विचारलं, आणि सासू महामायाबाई खूप मागे लागल्यावर ती म्हणाली, "एकदा म्हणून बघते. सूर लागला तर लागला. न्हाई लागला तर पार्टी बंद. ढोलकी, माईक, गिटार, सगळं देऊन टाकायचं. मग मला कुणी परत विचारायचं न्हाई."

म्हणून अश्वजितला तो आवाज पाहिजे होता.

मिल सहाला बंद होते. नंतर तो वहिनीकडून मागून आणलेली दयानंदची गिटार घेऊन मागच्या रिकाम्या गोदामात बसायचा. मला हिशेब मिळवत बसायची सवय असल्याने मीही असायचो. सुरुवातीला तो कानाला हेडफोन लावून तासन्‌तास बटणं फिरवी. "जमलं साहेब," म्हणून एकदा त्याने मला हेडफोन दिला. आवाज भरदार होता, अंगावर काटा आला. मग तोच आवाज त्याने मोठ्या स्पीकरच्या बॉक्सवर लावला, तर सगळा चिखल. खालचा आवाज गोदामभर घुमत होता आणि वरचा पत्र्यासारखा कानात घुसत होता.

"सँपल मुठीत छान दिसतं, पोतं फोडल्यावर डाळ कळते," मी म्हणालो.

त्याला ते पटलं. पुढे त्याने हेडफोन वापरलाच नाही. ज्या आवाजात वाजवायचं त्याच आवाजात लावून बघायचं, असं ठरवलं. खरखर, म्हणजे तो तिला गेन म्हणायचा, निम्म्यावर आणली. फार खालचं आणि फार वरचं कापून टाकलं, मधलं वाढवलं. दोनशे आवाजांतले एकशे नव्व्याण्णव त्याने पुन्हा उघडले नाहीत. मोबाईलवर दयानंदचा देगलूरच्या कार्यक्रमाचा एक व्हिडिओ होता. तो लावायचा, थांबवायचा, आपण वाजवायचा. जानेवारीच्या अखेरीस मला दोन्हींत फरक कळेनासा झाला. एकदा व्हिडिओ संपल्यावरही आवाज चालू राहिला आणि मी दचकलो. तो अश्वजित होता.

फेब्रुवारीत नांदेडला पहिली तालीम झाली. तिचं त्याने मला सोमवारी सांगितलं. लुंबिनी तीनदा उभी राहिली, तीनदा तिची पहिली ओळ चुकली. एकदा आधी आली, दोनदा उशिरा.

"आवाज त्यांचाच हाय," ती म्हणाली, "पण मला कुठं शिरायचं ते कळंना. दारच न्हाई त्याला."

महामायाबाई म्हणाल्या होत्या, "डबा बरा गाऊन राहिला की गं. तूच अडून बसलीस."

दार म्हणजे काय ते अश्वजितला महिनाभर कळलं नाही. मग एका संध्याकाळी उशिरा आलेला माल काढायचा म्हणून मिल चालू राहिली. मी गोदामाच्या मागच्या दाराशी आलो आणि थबकलो. आत एक माणूस माझ्याकडे पाठ नाही आणि तोंडही नाही, असा अर्धा वळून उभा होता. डावा खांदा मागे, मान खाली. दयानंदला मी एकदाच पाहिलं होतं, आमच्या मिलच्या दसऱ्याला, आणि तो वाजवताना असाच उभा होता.

"साहेब, या इकडं," अश्वजितचा आवाज आला. "गंमत बघा."

गंमत अशी होती. गिटारच्या तारांखाली त्यांचा आवाज टिपणारा पिकअप असतो. दयानंदच्या जुन्या गिटारचा पिकअप तारांबरोबर जवळपासच्या मोटारीची, ट्रान्सफॉर्मरची घुमघुमही पकडायचा. तिला हमिंग म्हणतात. चांगल्या आवाजात ते चालत नाही, म्हणून मॉडेलरमध्ये ते गाळणारं एक गेट असतं. अश्वजितने पहिल्याच दिवशी ते चालू केलं होतं. त्या संध्याकाळी चुकून ते बंद झालं आणि मिलच्या मोटारी गिटारमध्ये गुणगुणू लागल्या. तो समोर तोंड करून उभा राहिला की मोठ्याने. डावीकडे वळला की एकदम शांत.

"दादाच्या मागं त्याचा अँप असायचा," तो म्हणाला. "त्याचंच हमिंग यायचं. गाण्याआधी दादा समोर बघत उभा राहायचा, हमिंग चालू. मग वळायचा. हमिंग गप. आणि त्या शांततेत वहिनीची ओळ. हेच दार, साहेब."

त्याने मग मिलच्या अडगळीतला एक जुना, जड स्टॅबिलायझर मागून घेतला. त्याला काहीच जोडायचं नव्हतं, त्यातल्या ट्रान्सफॉर्मरचं हमिंग तेवढं पाहिजे होतं. नुसता चालू करून पाठीमागे ठेवायचा, जिथे दयानंदचा अँप असे तिथे. बारदानात गुंडाळून अश्वजित तो नांदेडला घेऊन गेला. एसटीत कंडक्टरने विचारलं, "काय हाय ह्यात?" तर म्हणाला, "भाऊ हाय." कंडक्टर हसला नाही, त्याने सामानाचं तिकीट फाडलं.

मार्चच्या त्या तालमीला मी होतो. दोन खोल्यांचं घर, भिंतीवर बुद्धांची आणि बाबासाहेबांची तसबीर, त्याखाली दयानंदचा फोटो. व्यंकटीमामा उजवीकडे ढोलकी घेऊन बसले, डावीकडे लुंबिनी उभी राहिली, मधे अश्वजित. त्याने स्टॅबिलायझर चालू केला. खोलीत भुंगा अडकल्यासारखी घुमघुम सुरू झाली. महामायाबाई भाजी निवडत होत्या, त्यांचे हात थांबले. लुंबिनीने मान वर केली, छाती भरून श्वास घेतला. अश्वजित डावीकडे वळला. सगळं शांत झालं, आणि त्या शांततेत तिचा आवाज बरोबर जागेवर आला.

गाणं पूर्ण झालं.

"तसं उभं राहायला कुणी शिकवलं तुला?" लुंबिनीने विचारलं.

"कुणी न्हाई, वहिनी. असं वळलं की हमिंग बंद होतं." त्याने उत्साहाने करून दाखवलं. समोर, घुमघुम. तिच्याकडे, गप्प. पुन्हा समोर.

तिने दोनदा बघितलं.

"म्हणजे त्ये त्याच्यासाठी वळायचे?"

अश्वजित काय बोलून बसला ते त्याला तेव्हा कळलं.

"नऊ वर्षं," ती म्हणाली. "दर गाण्याला. मला वाटायचं, पहिली ओळ माझ्याकडं बघून ऐकत्यात." ती आत गेली. आतून म्हणाली, "मुरुडवाल्यांना कळव, मी येत न्हाई म्हणून."

"कशाला सांगितलंस रे येड्या?" महामायाबाई म्हणाल्या. "गेलेल्या माणसाचं येवढं एक होतं तिच्यापाशी."

व्यंकटीमामांनी ढोलकीवर कापड टाकलं. स्टॅबिलायझर घुमतच होता, शेवटी मीच उठून बटण बंद केलं.

त्यानंतर अश्वजित गोदामात बसायचा बंद झाला. काट्यावर पावत्या फाडायचा आणि घरी जायचा. मुरुडवाल्यांना मात्र त्याने अजून कळवलं नव्हतं. एप्रिलच्या शेवटी मला म्हणाला, औशाचा एक मुलगा पेटी घ्यायला तयार आहे, म्हणजे तुमचं एकदाच फिटून जाईल. मी म्हटलं, माझी घाई नाही. तर म्हणाला, "मला ती घरात नको, साहेब. बंद असली तरी वाटतं, चालू हाय."

औशाच्या मुलाला आवाज ऐकवायचा होता, म्हणून त्याने एकदा शेवटचं सगळं गोदामात मांडलं. मागे स्टॅबिलायझर, पुढे बॉक्स. मुलाला यायला वेळ होता. अश्वजित समोर तोंड करून उभा होता, गिटार गळ्यात, घुमघुम चालू. मी त्याच्या उजवीकडच्या दाराने आत आलो आणि त्याला हाक मारली. तो माझ्याकडे वळला.

हमिंग बंद झालं.

आम्ही दोघंही थांबलो. "हलू नका," तो मला म्हणाला, जणू ते मीच बंद केलं होतं. मग समोर झाला, घुमघुम. डावीकडे, गप्प. समोर. उजवीकडे, माझ्याकडे, गप्प. चार-पाच वेळा त्याने हे केलं. मग त्याने फोन काढून लुंबिनीला लावला. ती अंगणवाडीत होती, मागे पोरांचा गलका ऐकू येत होता.

"वहिनी, दोन्हीकडं बंद होतंय."

"काय बंद होतंय?"

"हमिंग. उजवीकडं वळलं तरी बंद होतंय. व्यंकटीमामाकडं वळलं तरी."

"मग?"

"मग काय न्हाई. दादा कधी मामाकडं वळला व्हता का? नऊ वर्षांत, एकदा तरी?"

पलीकडून बराच वेळ फक्त पोरं ऐकू येत राहिली. कुणीतरी रडत होतं, कुणीतरी बाराखडी म्हणत होतं.

"मुरुडला किती वाजता निघायचं?" लुंबिनीने विचारलं.

औशाच्या मुलाला परत पाठवलं. येण्याजाण्याचं भाडं मागून घेऊनच तो गेला.

मुरुडचा कार्यक्रम बुद्धपौर्णिमेच्या संध्याकाळी शाळेच्या मैदानावर होता. पांढऱ्या साड्यांतल्या बाया पुढे बसल्या होत्या. मी बाजूला खुर्चीवर होतो. लुंबिनी तिच्या जागी, डावीकडे. व्यंकटीमामा उजवीकडे. मागे बारदानावर स्टॅबिलायझर. अश्वजितने घुमघुम सुरू केली तशी पुढच्या बायांची कुजबुज थांबली. दयानंदला ऐकलेल्या काही त्यांत असाव्यात. एक म्हातारी स्पष्ट म्हणाली, "आला गं."

लुंबिनीने श्वास घेतला. अश्वजित उजवीकडे वळला.

"माझ्याकडं काय बघून राहिला?" व्यंकटीमामा दबक्या आवाजात म्हणाले, पण माईकने ते पकडलं. "मी गाणार हाय का?"

लोक हसले. त्या हसण्याच्या मागोमाग, जराही न चुकता, लुंबिनीची ओळ आली. अश्वजितची पाठ तिच्याकडे होती. दोघांच्या मधे एका माणसाची जागा रिकामी राहिली होती. वायरसुद्धा त्याने तिथून नेली नव्हती, मागून फिरवून आणली होती. लुंबिनी लोकांकडे बघत नव्हती. ती त्या जागेकडे बघून गात होती, आणि दर कडव्याच्या शेवटी, गाणारी बाई जशी साथीदाराला वाट देते तशी, किंचित थांबत होती. त्या थांबण्यात काही वाजत नव्हतं. सहा गाणी झाली. सहाही वेळा अश्वजित मामाकडेच वळला.

परतताना टेम्पोत ती गिटार मांडीवर घेऊन बसली. "पुढच्या महिन्यात लोह्याचं हाय म्हणत्यात," एवढंच बोलली.

पार्टी आता पुन्हा चालू आहे. मी येत्या जूनमध्ये निवृत्त होतो. अश्वजितने दरमहा दोन हजार तीनशेप्रमाणे दहा हप्ते दिले, तेवीस हजार झाले. चारशे रुपये येणे आहेत.