अपडेटवर फोडलेलं खापर

माझ्या नवऱ्याचं पोटच बिघडलेल्या कॉम्प्युटरांवर चालायचं. रीडिंगला मोटरवेच्या कडेला काचेची ऑफिसं आहेत, त्यातल्या एकात बसून तो दिवसभर फोनवर लोकांना शांतपणे विचारायचा, "बंद करून परत चालू केलंत का?" आणि त्याच माणसाच्या घरात, त्याच्याच बायकोचा लॅपटॉप दर वीस मिनिटांनी मान टाकत होता. चांगला महिनाभर. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच, असं मी तेव्हा भेटेल त्याला सांगत सुटले होते. शाळेच्या गेटपाशी, मंडळाच्या दिवाळीत, फोनवर आईला. माझ्या तोंडाचा पट्टा एकदा सुरू झाला की थांबवायचं बटण कुणाला सापडत नाही.

आता कुणी म्हणेल, बाई, एका लॅपटॉपसाठी एवढा आकांत? तर सांगते. लग्नाआधी नाशिकला मी सहा वर्षं हायस्कूलमध्ये विज्ञान शिकवलं. नववीची पोरं मला टरकून असायची आणि मला ते मनापासून आवडायचं. इथे आल्यावर शिकवायचं तर इथली पात्रता हवी. मुलगी पूर्ण वेळ शाळेत जायला लागली तेव्हा मी कॉलेजात कोर्सला नाव घातलं. सगळा कोर्स एका पोर्टफोलिओवर उभा होता. धड्यांची टाचणं, वर्गाची निरीक्षणं, आपण कसं शिकवलं यावरचे लांबलचक निबंध. पहिल्या वर्षी माझी फाइल परत आली. शेरा अतिशय गोड होता, इंग्रज माणूस नापास करतानाही आधी थँक्यू म्हणतो, पण नापास म्हणजे नापास. त्यानंतर दोन महिने मी पुस्तकाला हात लावला नाही. भाजी लागली तरी "मला मेलीला काहीच जमत नाही" म्हणून रडत बसायचे. फाइल पुन्हा द्यायची एकच संधी होती, नोव्हेंबरातला शेवटचा शुक्रवार. ती हुकली की कोर्स संपला. माझ्या हिशेबी मीही संपले असते.

ऑक्टोबरातल्या एका शनिवारी दुपारी लॅपटॉपच्या कोपऱ्यात पिवळा फुगा आला, अपडेट तयार आहेत म्हणून. मी त्या फुग्याकडे आठवडाभर काणाडोळा करत होते. नवऱ्यानं जाता जाता पाहिलं. "अगं, हे करून टाकावं. सिक्युरिटीचं असतं," म्हणाला, आणि दाबलं की बटण! मला विचारणं नाही, काही नाही. चहा होईपर्यंत लॅपटॉप दोनदा बंद होऊन चालू झाला आणि त्यानं "ऑल डन" म्हणून कप उचलला.

सोमवारी मुलीला शाळेत सोडून मी लिहायला बसले. छान लय लागली होती. दुसऱ्या पानावर स्क्रीन निळा झाला, त्यावर पांढरी अक्षरं आली आणि सगळं ठप्प. परत चालू केला तर लिहिलेलं सगळं गायब. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. ऑफिसात फोन लावला. सवयीप्रमाणे त्यानं त्या मऊ आवाजात विचारलं, "काय प्रॉब्लेम येतोय?"

"प्रॉब्लेम तू आहेस!" मी म्हणाले.

त्या दिवसापासून रोज संध्याकाळी चहाबरोबर आमच्या घरी शस्त्रक्रिया. त्यानं अपडेट काढून टाकलं, लॅपटॉप पडला. परत घातलं, तरी पडला. सेफ मोडमध्ये, म्हणजे अगदी गरजेपुरत्या प्रोग्रॅमांवर, चालवला. स्क्रीनचा ड्रायव्हर बदलला, माउसचा बदलला, प्रिंटरचा काढला. ड्रायव्हर म्हणजे प्रत्येक भागाला हुकूम सांगणारा छोटा प्रोग्रॅम असतो, हे मी तेव्हा नाइलाजानं शिकले. त्याची कामाची पद्धत अशी की एका वेळी एकच गोष्ट बदलायची, वहीत लिहायची आणि वाट बघायची. वाट बघायची! माझे दिवस भराभर चालले होते आणि हा माणूस पेन्सिलीला टोक काढत होता.

"एकदम सगळं बदलून टाक ना एकदाचं!"

"मग कशानं बरं झालं ते कळणार कसं?"

"मला कळायला नकोय, मला लिहायचंय!"

सात वर्षांची लेक जिन्यात बसून हा तमाशा बघायची. तिचं मराठी इथलं. "बाबा, आईची लॅपटॉप परत झोपला?" ती रोज इमानेइतबारे विचारायची. मग मी नव्यानं सुरू व्हायचे. तुला अपडेट करायला कुणी सांगितलं होतं? चालत्या गाड्याला खीळ घालायची हौस कुणाला होती? तो ऐकून घ्यायचा, वहीत काहीतरी खरडायचा. एकदा मी वही ओढून पाहिली, मला वाटलं माझ्याबद्दल लिहितोय. "२२ मिनिटं", "१९ मिनिटं", "२१ मिनिटं" एवढंच होतं.

नोव्हेंबरात एका सकाळी मी रागानं लॅपटॉप उचलला आणि मागच्या कॉन्झर्व्हेटरीत जाऊन बसले. ही काचेची खोली आधीच्या मालकानं बांधलेली. तिला हीटिंग नाही, म्हणून हिवाळ्यात आम्ही तिथे कांदे-बटाटे ठेवायचो. मला फक्त घराकडे पाठ करून बसायचं होतं. लिहायला लागले. दर पाच मिनिटांनी पेन ड्राइव्हवर उतरवून घेत होते, त्या बाबतीत कानाला खडा लावला होता. घड्याळ पाहिलं तर सव्वा तास झाला होता आणि लॅपटॉप ठणठणीत!

दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. घरात वीस मिनिटं, कांद्यांत सव्वा तास. का ते मी विचारलंच नाही. मोठा कोट घातला, आईनं पाठवलेली माकडटोपी घातली, मांडीवर गरम पाण्याची पिशवी घेतली आणि लिहीत सुटले. नाकातून पाणी, बोटं बधिर, शेजारच्या आजीबाई कुंपणावरून बघून हात हलवायच्या. पण खरं सांगू, मी सुखात होते. पहिल्या वर्षी मी निबंध घाबरत घाबरत लिहिले होते, प्रत्येक वाक्याला कुणाची तरी परवानगी मागत. आता नवऱ्यावरच्या रागानं हात असा चालायचा की घाबरायला सवडच नव्हती. पोरांना काय कळत नाही, का कळत नाही, आणि कळलं की त्यांचे डोळे कसे होतात, हे मी नाशिकच्या वर्गात उभी राहून सांगावं तसं लिहिलं.

नवऱ्याला हे सांगितलं तेव्हा तो बिस्किट चहात बुडवायचा थांबला. "तिथे थंडी किती असते?"

"येऊन बस की, कळेल."

तो खरंच जाऊन बसला. कांद्यांत पाच मिनिटं बसून आला आणि म्हणाला, "उद्या एक दिवस लॅपटॉप ऑफिसात नेऊ दे."

फाइल द्यायला आठ दिवस उरले होते. मी नाही म्हणाले, मग ओरडले, मग पेन ड्राइव्ह मुठीत घट्ट धरला आणि दिला एकदाचा. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्यानं लॅपटॉप आणून टेबलावर ठेवला. तो उबदार खोलीत एक तास चालला. दोन तास चालला. मी जेवण वाढायचं विसरून समोर बसून राहिले.

"काय होतं?"

"अपडेटचंच होतं गं. एक ड्रायव्हर भांडत होता."

"बघ! पहिल्या दिवसापासून कंठशोष करतेय मी!"

"हो. तुझं बरोबर होतं."

नऊ वर्षांच्या संसारात हे वाक्य त्याच्या तोंडून इतक्या सहज कधी आलं नव्हतं. तेव्हाच संशय यायला हवा होता. पण जिंकलेला माणूस चौकशा करत नाही.

शुक्रवारी फाइल स्वतः कॉलेजात नेऊन दिली. जानेवारीत पत्र आलं. पास! एका निबंधावर परीक्षकांनी लिहिलं होतं की ह्या बाईंच्या वर्गात बसायला आवडेल. मी ते वाक्य आईला फोनवर तीनदा वाचून दाखवलं, शिरा केला, आणि बोलता बोलता नवऱ्याच्या अपडेटची गोष्टही परत एकदा सांगितली, कारण आता ती विजयाची गोष्ट झाली होती.

त्याच्या ऑफिसची ख्रिसमस पार्टी जानेवारीत होती, डिसेंबरात जागा मिळाली नाही म्हणून. दुपारचं जेवण, दोघांनी ओढून फोडायचे उशिराचे ख्रिसमसचे पुठ्ठ्याचे फटाके, त्यांतून निघणाऱ्या कागदी टोप्या. मी दोन बायकांना खुलवून खुलवून सांगत होते की माझ्या एक्स्पर्ट नवऱ्यानं कसा माझा लॅपटॉप अपडेट करून मारला. मागून एक धिप्पाड वेल्श गृहस्थ आले. नवऱ्याच्याच ऑफिसातले हार्डवेअरवाले, म्हणजे मशीन उघडून आतले भाग बदलणारे.

"अच्छा, त्या तांदूळवाल्या तुम्हीच!" ते म्हणाले.

मला काही कळेना.

"तुमचा लॅपटॉप मीच उघडला. पंखा तांदळांनी अडला होता. चिमट्यानं सतरा दाणे काढले. गुलाबी! मी विचारलं, हा कुठला पुलाव? तर तुमचा नवरा म्हणाला, ते आमच्याकडे आशीर्वादाचे असतात. आणि म्हणाला, बायकोची परीक्षा होईपर्यंत कुणाकडे बोलू नकोस." त्यांनी माझा चेहरा पाहिला. "झाली ना परीक्षा?"

झाली होती. मी हसून मान डोलावली आणि खुर्चीत बसले.

कारण तो ऑक्टोबरातला शनिवार दसऱ्याचा होता. सकाळीच मी पूजा केली होती. दसऱ्याला ज्याच्या त्याच्या हत्याराची पूजा करायची. सुतार करवत पुजतो, माझं हत्यार लॅपटॉप. इतर वर्षी मी झाकणावर कुंकवाचं बोट टेकवून मोकळी व्हायचे. पण त्या वर्षी गरज मोठी होती. लॅपटॉप पाटावर उघडून ठेवला, हळद-कुंकू वाहिलं, कुंकवात कालवलेल्या अक्षता मूठभर घेतल्या आणि डोळे मिटून, "एवढी फाइल पास होऊ दे" म्हणत त्याच्यावर वाहिल्या. बटणांच्या वर हवेची जाळी होती, तिथेही भरपूर पडल्या असणार. नंतर उलटा करून झटकला आणि मला वाटलं, झालं स्वच्छ. दुपारी नवऱ्यानं बटण दाबलं, आणि मला आरोपी मिळाला. पंखा फिरत नव्हता, मशीन तापून बंद पडत होतं, आणि कांद्यांच्या थंडीत ते जरा दम धरत होतं, एवढीच भानगड. चोर सोडून संन्याशाला फाशी, आणि फाशी देणारी मी!

घरी जाताना गाडीत मी बराच वेळ गप्प होते. माझ्या गप्प बसण्याला तो जास्त घाबरतो. त्यानं हीटर वाढवला, कमी केला, रेडिओ लावला, बंद केला.

"तांदूळ होते," मी म्हणाले.

"हं. कुणी सांगितलं?"

"तू का नाही सांगितलंस? महिनाभर मी तुला वाट्टेल ते बोलले. चारचौघांत बोलले. तुला कळल्यावरसुद्धा बोलत राहिले. आत्ता, तासाभरापूर्वीपर्यंत!"

तो आरशात बघून लेन बदलत होता. "आठ दिवस राहिले होते गं. तेव्हा सांगितलं असतं तर तू म्हणाली असतीस, बघ, साधी पूजाही मला धड करता येत नाही, मी काय शिकवणार. आणि फाइल मिटून बसली असतीस. गेल्या वर्षीसारखी." मग इंडिकेटर बंद करत म्हणाला, "माझ्यावर चिडली होतीस तेव्हा चांगलं लिहीत होतीस. मी वाचत होतो रोज. म्हटलं, चिडू दे."

मी तोंड उघडलं. असं काही झालं नसतं, मी काय एवढी लेचीपेची आहे का, वगैरे सगळं ओठावर तयार होतं. आणि तोंड मिटलं, कारण तो खरं बोलत होता. मी फाइल मिटली असती. मला स्वतःला त्या बाईची चांगली ओळख होती, ती भाजी लागली म्हणून रडणारी. तिला आठ दिवस दाराबाहेर थोपवून धरायला हा माणूस मुकाट्यानं शिव्या खात उभा होता, आणि मी माझ्या चुकीचं खापर त्याच्याच डोक्यावर फोडत गावभर हिंडत होते. मला एकदम रडू आलं. कागदी टोपी अजून डोक्यावरच होती, तीच काढून डोळे पुसले.

"सॉरी," मी म्हणाले.

त्यानं डावा इंडिकेटर दिला, पुढच्या पेट्रोल पंपात गाडी वळवली, नीट रेषेत उभी केली, इंजिन बंद केलं आणि माझ्याकडे वळून बसला.

"परत म्हण," तो म्हणाला. "नऊ वर्षांत पहिल्यांदा आलाय हा शब्द. गाडीच्या आवाजात वाया गेला."