खापरावरचे उडीद

अब्राहाम खांडबाऱ्याला रेल्वेलायनीवर गँगमध्ये होता. घरची बोली वेगळी, पण स्टेशनमास्तरांच्या घरून त्याने एक मराठी शब्द उचलला आणि वापरून वापरून पार झिजवला. खमंग! बायको, हन्ना, खापरावर उडीद भाजायला बसली की हा अंगणातूनच ओरडायचा, "खमंग!"

"अजून चाखलं कुठं?" हन्ना हसायची.

"चाखल्यावरचं बोलणं वेगळं. हे नाकाचं."

मग भरडलेल्या उडदाची डाळ, वर लसूण-मिरची, आणि नागलीची भाकरी. जेवताना मात्र गडी चकार शब्द काढायचा नाही.

त्या पावसाळ्यात त्याला मुदतीचा ताप आला. दवाखान्यातल्या बाईंनी बजावलं, पेजेशिवाय पोटात काही जाता कामा नये. हन्नाने खापर उचलून माळ्यावर टाकलं आणि स्वतःही पेजेवर राहिली. बाईमाणूस एकदा हट्टाला पेटलं की पेटलं.

अब्राहामची हाडं वर आली. एका दुपारी तो म्हणाला, "मूठभर उडीद भाज. खाणार नाही. नुसता वास येऊ दे."

"वासानं भूक खवळेल. ताप उतरू दे, मग खापरभर भाजते."

ताप उतरला नाही. अब्राहाम गेला.

त्याची आई सोमीबाई जुन्या रीतीची. मुलगा ख्रिस्ती झाला तरी तिने आपले देव सोडले नव्हते. मेलेल्याला उपाशी धाडायचं नाही, म्हणून तिने फडक्यात डाळ-भाकरी बांधून आणली. कबरीच्या खड्ड्याशी हन्नानेच तिचा हात धरला. "आई, आपल्यात आता असं ठेवत नाहीत."

सोमीबाईने गाठोडं परत नेलं. त्यानंतर ती सुनेशी बोलली नाही.

नवे उडीद घरात आले तेव्हा हन्नाने खापर खाली काढलं. सासूला म्हणाली, "चला." कबरीपाशी तीन दगड मांडून तिने काटक्या पेटवल्या. अन्न ठेवायला मनाई होती, वासाला कुणाची मनाई? आणि तेव्हा तरी कुणाची होती! दवाखान्यातल्या बाईंनी वासाचं नावही काढलं नव्हतं. हे आठवून हन्नाचं काळीज फाटलं.

उडीद तडतडले, दरवळ सुटला. "खमंग," ती पुटपुटली. तिच्या तोंडून हा शब्द पहिल्यांदाच निघत होता.

"झाले, आता उतरव," सोमीबाई म्हणाली. कित्येक दिवसांनी ती सुनेशी बोलली होती.

उतरवलं तर वास थांबेल. हन्ना हलवतच राहिली. उडीद काळे पडले, धूर झाला, तरी तिने खापर उतरवलं नाही.