घासलेला सलोखा

माझ्या सुनेच्या वडिलांइतका संतापी माणूस अख्ख्या दक्षिण गोलार्धात झाला नसेल, आणि इतका नीतिमानही. २००६ साली आम्ही दोघं सहा महिने परदेशी, फ्लॅट बुश नावाच्या उपनगरात मुलांच्या एकाच घरात राहिलो, मी मुलाची आई म्हणून, ते मुलीचे वडील म्हणून. पुण्याहून येताना लोक लोणची-पापड आणतात. यांनी आणला जुन्या रोमन ब्राँझच्या नाण्यांचा अल्बम. प्रत्येक नाण्यावर एका बाजूला राजा आणि दुसऱ्या बाजूला बाईच्या रूपात एकेक सद्गुण: न्याय, निष्ठा, आशा. "राजे लबाड, म्हणून पाठीशी बाई उभी करायचे," असं ते म्हणत. जगात ज्या सद्गुणाची वानवा दिसेल, त्याचं नाणं खिशातून बाहेर निघे. जवळच्याच पापाटोएटो उपनगरातल्या भाजीवाल्याने भेंडी कमी तोलली, तेव्हा त्यांनी तराजूवाली बाई काउंटरवर आपटली. "इसकी तरफ देखके तोलो." त्याने नाणं उलटंपालटं करून परत दिलं. "अंकल, ये यहाँ नहीं चलता." घरी येईपर्यंत व्याही धुमसत होते. "न्याय चालत नाही म्हणे पापाटोएटोत."

लक्ष्मीपूजनाच्या सकाळी त्यांच्या टेबलावर एक काळंकुट्ट नाणं दिसलं. बाईच्या हातात फळांनी भरलेलं शिंग. मला वाटलं, लक्ष्मीच. देवापुढे असं कळकट कसं ठेवायचं? समयांबरोबर चिंच-मीठ लावून खसखसून घासलं. पिवळंधमक निघालं. चौरंगावर मांडलं, तर व्याही पांढरेफटक पडले. "अहो विहीणबाई, दोन हजार वर्षांचा थर होता तो, त्यातच नाण्याचं मोल. ही लक्ष्मी नाही, सलोखा आहे. तुम्ही सलोखाच घासून काढलात."

मीही चिडले. सणासुदीला नाणं उघड्यावर टाकणाऱ्याची काहीच चूक नाही? पुढे तीन आठवडे आम्ही नातीमार्फत बोललो. ती सगळं इंग्रजीत सांगायची, "आजोबा इज स्टिल मॅड, आजी," एवढंच, त्यामुळे भांडण धड पोचतही नव्हतं.

ते परत निघाले तेव्हा विमानतळावर त्यांनी माझ्या हातात एक पुडी ठेवली. "माझ्या अल्बमात ही बाई आता बसत नाही. तुमच्या देवघरात बसेल." आवाज रागाचाच होता. मला मात्र रडू आवरेना.

पुढच्याच वर्षी ते वारले. यंदा दिवाळीला चिंच भिजवली, समया घासल्या. नाणं पुन्हा काळवंडू लागलं आहे. हातात घेतलं, पदराने पुसलं आणि तसंच देवांपाशी ठेवलं.