रोल कोरा निघाला त्या दिवशी

माझ्या नावाने छापून आलेली एक ओळ खोटी आहे. हे मी सोडून कुणालाच ठाऊक नाही. बायकोलाही मी कधी सांगितलं नाही. बावीस वर्षं मी एका वर्तमानपत्राचा मालवणचा वार्ताहर आहे. नावं, वयं, वेळा दोनदा तपासून घेतो. बघा — कबुली द्यायला बसलोय, आणि सुरुवात स्वतःच्या अचूकपणापासून करतोय.

आधी फिल्मचं सांगतो. ते सोपं आहे.

सिनेमाच्या शूटिंगमध्ये उरलेली फिल्म मुंबईहून मिळते. तिचे तुकडे साध्या कॅमेऱ्याच्या डबीत भरायचे आणि फोटो काढायचे, हा माझा नाद. या फिल्मच्या पाठीला काजळीसारखा काळा थर असतो. तो लॅबच्या मशीनची वाट लावतो, म्हणून लॅबवाले तिला हात लावत नाहीत. घरीच धुवावी लागते. आधी सोड्याच्या पाण्याने काळं काढायचं, मग चित्र उमटवणारा डेव्हलपर, मग ते पक्कं करणारा फिक्सर. फिक्सर आधी गेला तर फिल्मवरचं सगळं जातं. परत काही करता येत नाही. माझी दोन्ही द्रावणं कोकम सरबताच्या रिकाम्या बाटल्यांत असायची. बाटल्या सारख्याच, फरक फक्त कागदी लेबलांचा.

तारकर्लीचा दिगंबर माझा मित्र. माझ्याहून पंधरा वर्षांनी लहान, स्वतःची होडी, मासेमारी. त्याला मुलगी झाली. आमच्याकडे बारशाआधी बाळाचा फोटो काढत नाहीत, दृष्ट लागते. शिवाय दहा दिवसांचं सुवेर — तेवढे दिवस बापाने बाळाला शिवायचंही नाही. दिगूची आई या बाबतीत कडक होती. आठव्या दिवशी सकाळी ती बाजारात गेली, दिगूची बायको सुप्रिया न्हाणीत होती, तेव्हा त्याने मला मागच्या दारी बोलावलं. बाळ त्याच्या हातांवर होतं.

“दादानू, मोबाइलात नको. आयेन बघल्यान तर माका घराभायर काढतली,” तो म्हणाला. “तुमच्या त्या काळ्या रिळात कायच दिसणा नाय. मगे दिष्ट लागतली कोणाक? कॅमेऱ्याक?”

मी हसलो. एकच फोटो काढला. बारशाला सगळ्यांना दाखवायचा असं ठरलं.

दहाव्या दिवशी पहाटे त्याची होडी उलटली. दुपारी देह मिळाला.

त्या दुपारी मी त्याच्या घरी गेलो नाही. फिल्म धुवायला बसलो. कुणासाठी? सुप्रियासाठी — असं मी स्वतःला बरीच वर्षं सांगितलं. पण त्याआधी मी डेस्कला फोन केला होता. बाप आणि आठ दिवसांची मुलगी, एकाच फ्रेममध्ये, दुसऱ्या कुणाकडेही नाही, साडेपाचपर्यंत पाठवतो — हे माझेच शब्द. फोटो कुणी काढला, ते मात्र सांगितलं नव्हतं. पहिल्या पानावर जागा ठेवली गेली. दिगू तेव्हा अजून किनाऱ्यावरच होता, चादरीखाली.

काळं नीट निघालं. बाटल्या गरम पाण्याच्या टोपात ठेवल्या होत्या; लेबलं सुटून वर तरंगत होती. वास घेतला असता तरी कळलं असतं, फिक्सरचा वास लपत नाही. किती वेळ लागला असता? मी घड्याळाकडे पाहिलं आणि हाताला लागली ती बाटली ओतली.

फिल्म या टोकापासून त्या टोकापर्यंत कोरी निघाली.

ही चूक झाली. पण चुकीसाठी मी हे लिहीत नाहीये.

डेस्कला काय सांगणार होतो? बाटली चुकली? सबंध जिल्ह्यात ज्याने आपल्या या नादाची फुशारकी मारली, त्याने? मी म्हणालो, माहिती चुकीची निघाली, असा फोटो काढलेलाच नाही. उपसंपादकाने विचारलं, निदान मुलीला जवळ घेतलं होतं का त्याने? इथे मला थांबता आलं असतं. मी सुवेर काय असतं ते त्याला समजावून सांगितलं. आणि ओळ मीच लिहिली — ‘सुवेर त्याच दिवशी फिटणार होते, मुलीला एकदाही हातांत न घेता दिगंबर गेला.’ फोटोशिवायही पहिलं पान मिळालं.

तेराव्यानंतर सुप्रिया म्हणाली, “दादानू, फोटो काढलो म्हणान माका सांगान गेले ते. दाखवशात?”

“नाय गो,” मी म्हणालो. “मस्करी केल्यान तुझी.”

ती वाद घालू शकली असती. तिने मान हलवली आणि आत गेली. जाण्याआधी नवऱ्याने कानात सांगितलेली एक गोष्ट तिने माझ्या शब्दावर खोटी मानली.

मुलगी तन्वी आता आठ वर्षांची आहे. भराभर वाचते. गेल्या मे महिन्यात मी त्यांच्याकडे गेलो, तेव्हा त्या बातमीचं कात्रण घेऊन ती माझ्यासमोर उभी राहिली.

“काकानू, ह्या तुमीच लिवलास?”

“होय.”

“पपांनी माका एकदाव घेतल्यानी नाय?”

सुप्रिया शेजारी तांदूळ निवडत होती. तिचा हात थांबला. तिने वर पाहिलं नाही. मला फक्त एक वाक्य बोलायचं होतं. दिगूची आई दोन वर्षांपूर्वी वारली होती. रागवायला, दृष्टीची भीती घालायला घरात कुणी उरलं नव्हतं.

“तुझ्या आजीनच सांगितलेला,” मी म्हणालो. “सुवेरात बाळाक शिवाचा नाय म्हणान.”

तन्वीने विचार केला. “मगे आजी वायट होती,” ती म्हणाली, आणि कात्रणाची घडी घालून आत गेली. सुप्रियाने तिला टोकलं नाही. मीही नाही.

फोटो काढून झाल्यावर मी दिगूला म्हणालो होतो, आता आत ने, आई येईल. त्याने नेलं नाही. बाळाने त्याच्या शर्टाचं बटण धरलं होतं, ते सोडवायची त्याला घाई नव्हती. “रवा दादानू,” तो म्हणाला, “आजून जरा.” चांगली दहा मिनिटं तो तिला घेऊन माडाखाली फेऱ्या घालत होता. मी बाजूला उभा राहून ते पाहत होतो. पाहणारा मी एकटाच होतो.