तिला जागा दे

गेल्या वर्षीच्या पावसाळ्यात माझं देवीशी जवळजवळ भांडणच झालं होतं. भांडण एकतर्फी, अर्थात. रोज दिवा लावायचे, हात जोडायचे आणि मनात कुरकुरायचे, की बाई, एक साधं घर मागतेय, राजवाडा नाही. लवळ्याच्या एका कॉलेजात मी ग्रंथालयात नोकरी करते. लग्न केलं नाही. वडील गेल्यापासून आई आणि मी दोघीच. गावातल्या एका शेतकरी कुटुंबाने घरावर चढवलेल्या दोन खोल्यांत आम्ही भाड्याने राहत होतो. घरमालकीणबाईंचा स्वभाव सरळ, आडपडदा नाही. एके दिवशी जिन्यात उभ्या राहून म्हणाल्या, "म्याडम, कालेजच्या पोरांना कॉटमागं भाडं लावून खोल्या दिल्या की लई बरं पडतंय बगा. दिवाळीपोतर तुमी कुटंतरी सोय बगा." त्यांचं काही चुकत नव्हतं. पण तेव्हा आई नेमकी माझ्या मागेच उभी होती.

आईचा सगळा जन्म उठण्यात गेला. वडिलांची बदलीची नोकरी. कुठं क्वार्टर मिळायचं, तुळस लावायची, ती जरा जीव धरायची, की निघा. पुढे भाड्याची घरं आली आणि तेच चालू राहिलं. आता तिची आठवण विरत चालली आहे. माणसांची नावं सुटली, सकाळी काय खाल्लं ते सुटलं, पण एक प्रश्न मात्र घट्ट राहिला: "इथून कधी उठायचं गं?" जेवताना विचारायची, वेणी घालून घेताना विचारायची. दुपारी आडवी व्हायची नाही. पायात चपला घालून पलंगाच्या कडेला बसून राहायची, न जाणो कुणी येऊन उठा म्हणालं तर. तिला कळतंय तोवर तिला तिच्या घरात न्यावं आणि सांगावं की आता कुठे जायचं नाही, एवढीच माझी इच्छा होती. उशीर झाला असता तर घर मिळूनही ते तिला मिळालं नसतं.

बावधनला एक जुना, लहानसा फ्लॅट पसंत पडला होता. विकणारं वयस्क जोडपं होतं, मुलाकडे राहायला जाणारं. बँकेचं सगळं जुळून आलं होतं आणि दुसऱ्या दिवशी विसार द्यायचा होता. त्याआधी देवीची ओटी भरून यावी, म्हणजे आमचं बोलणंही पुन्हा सुरू होईल, असा माझा हिशेब. मुळशीच्या पाण्याच्या काठावर डोंगराच्या अंगाला एक देवी आहे, कॉलेजातल्या एका मैत्रिणीची तिच्यावर फार श्रद्धा. ओळखीचा रिक्षावाला ठरवला, खण-नारळ-तांदूळ पिशवीत घेतले आणि आईला घेऊन निघाले. श्रावण होता. पौड मागे पडलं तसं धुकं उतरायला लागलं. आधी डोंगराचे माथे गेले, मग झाडं, मग रस्त्याच्या कडेची भातखाचरं. रिक्षाच्या दिव्यापुढे हातभर रस्ता तेवढा उरला होता.

त्या धुक्यातच फोन वाजला. फ्लॅटवाले आजोबा होते. बिचारे फार अवघडून बोलत होते. मुलगा म्हणतो इतक्यात विकू नका, तुम्ही माफ करा. मी बरं म्हटलं, फोन बंद केला आणि रिक्षावाल्याला गाडी वळवायला सांगितली. मला रडू येत होतं आणि त्याहून जास्त राग येत होता. ओटी भरायला निघालेल्या माणसाशी कुणी असं वागतं का? आईने माझ्याकडे पाहिलं. काय घडलं ते तिला कळलं नव्हतं, पण रिक्षा वळतेय हे कळलं. म्हणाली, "ओटी कधी परत नेतात का गं?" कितीतरी दिवसांत ती इतकं स्पष्ट बोलली नव्हती. मी रिक्षावाल्याला पुन्हा पुढेच घ्यायला सांगितलं. रिक्षा पुढे गेली.

देऊळ म्हणजे पत्र्याखालचा लहानसा गाभारा. खाली कुठेतरी पाणी असणार, कारण लाटांचा चुबुक चुबुक आवाज येत होता, पण दिसत काही नव्हतं. पायऱ्यांच्या खाली जग संपलं होतं जणू. आत डोक्यावर प्लास्टिकची खोळ घेतलेली एक बाई समईची वात सारत बसली होती. त्या महिन्यात पूजेची पाळी तिच्या घराकडे होती. देवी म्हणजे तांदळा, शेंदराने माखलेली, डोळे लावलेली घडीव नसलेली शिळा. मी ओटी भरली. मागायचं काहीच सुचेना. आई मात्र देवीसमोर मांडी घालून ऐसपैस बसली आणि त्या बाईला म्हणाली, "ही इथे एकटी कशी?"

"एकटी कुटली, आजी, मी हाय की," ती हसून म्हणाली. मग समई जरा पुढे सरकवून सांगायला लागली, "देवी मूळची हितली न्हाई. आमचं गाव खाली हाय, पान्यात. धरण झालं तवा गाव उठलं. माझ्या आज्जेसासऱ्याच्या वक्ताची गोष्ट. लोकांनी भांडीकुंडी घेतली, गुरं घेतली आन् देवीला डोक्यावर घिऊन वर आले. तितलं देऊळ दगडाचं हुतं, लई मोटं, असं म्हणत्यात. आमी कुटं बगितलंय?"

आईने मान वर केली. "म्हणजे हिलापण उठवलं?"

"व्हय की, आजी. उठवलंच."

आईने पदर सावरला. मग पुढे झाली, शेंदराच्या त्या शिळेवर हात ठेवला आणि एखाद्या लांबच्या बहिणीशी बोलावं तशी हळू आवाजात म्हणाली, "अगं, मग आमच्याकडे चल ना. दोन खोल्या आहेत. जिना आहे थोडा, पण सकाळचं ऊन छान येतं."

मला शरमल्यासारखं झालं, हसूही येईना. ज्या खोल्या आम्हांला सोडायच्या होत्या, त्यांत ही देवीला राहायला बोलावत होती. मी घर मागायला आले होते. आणि आमच्यापाशी जे काही होतं नव्हतं, ते आईने देऊनही टाकलं होतं. ती बाई हसली नाही. ओटीतले मूठभर तांदूळ काढून तिने आईच्या पदरात घातले आणि म्हणाली, "मग येती ती. इतक्या मायेनं कोन बोलावतंय तिला? समदी मागायलाच येत्यात." तिने मला टोमणा मारला नव्हता, पण लागायचं तिथे लागलं. मी देवीसमोर डोकं टेकलं आणि खूप रडले. रडताना माझ्या लक्षात आलं की राग कुठे राहिलाच नाही.

रिक्षात बसताना आई म्हणाली, "जरा सरक. तिला जागा दे." मी सरकले. आम्हां दोघींच्या मध्ये एका माणसापुरती जागा ठेवून आम्ही परतलो. त्या वाटेवर मला काही दिसलं असं मी म्हणणार नाही. हळदीचा वास येत होता, तो आमच्या हातांचाही असेल. एका वळणावर वाऱ्याने धुकं मधोमध फाटलं आणि खाली राखाडी, शांत, विस्तीर्ण पाणी दिसलं. आईने मधल्या रिकाम्या जागेकडे वळून विचारलं, "ते का तुझं गाव?" रिक्षावाल्याने आरशातून पाहिलं आणि वेग कमी केला. पाणी पुन्हा झाकलं जाईपर्यंत आम्ही तिकडेच पाहत होतो. इतकी शांत मी आयुष्यात कधी बसले नसेन.

घरी आल्यावर आईने खिडकीजवळच्या कोपऱ्यात पाट मांडला, त्यावर पदरातले तांदूळ ठेवले आणि पलंगावर आडवी झाली. चपला काढून. संध्याकाळपर्यंत गाढ झोपली. त्या दिवसापासून तिने तो प्रश्न विचारला नाही. मी रोज वाट पाहायचे, आज विचारेल, उद्या विचारेल. तिने विचारलाच नाही. घर अजून नव्हतंच. पण ज्यासाठी मला ते हवं होतं, ते आधीच माझ्या हाती आलं होतं.

पुढच्या आठवड्यात घरमालकीणबाई सोय झाली का विचारायला वर आल्या. मी काही बोलण्याआधी आईच म्हणाली, "आता नाही हो उठता येणार. पाहुणी आलीय घरात." आणि पाट दाखवला. मी सगळी हकीकत सांगितली. त्या माहेरच्या मुळशीकडच्या. पाटासमोर वाकल्या, पदराने डोळे पुसले आणि खाली निघून गेल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी स्वतःच आल्या. "म्याडम, आमच्या चुलतदिराच्या जमिनीवं बिल्डिंग झालीया, बावधनला. जमिनीच्या बदल्यात त्यास्नी फ्लॅट मिळाल्यात. तळमजल्याचा एक इकायचाय, पर माणसं बगून. मी तुमचं नाव घातलंय." उठा म्हणणाऱ्याच तोंडून देवीने या म्हणवलं. मी यावर वाद घालत नाही, कुणी योगायोग म्हणाला तरी माझी हरकत नाही. मी फक्त हात जोडते. आपण मूठ आवळून मागत राहतो, आणि ती मूठ उघडेपर्यंत तिलाही काही ठेवता येत नाही, इतकं मला त्या धुक्यात कळलं.

तो फ्लॅट विकत घेऊन दिवाळीनंतर आम्ही राहायला आलो. संक्रांतीला शेजारच्या बायका हळदीकुंकवाला आल्या होत्या. त्यातल्या एकीने आईला सहज विचारलं, "आजी, हा फ्लॅट तुमचा स्वतःचा का?"

"छे हो," आई म्हणाली, "देवीचा आहे. आम्ही भाड्याने राहतो. बाई फार चांगली आहे, कधी उठ म्हणत नाही."

सगळ्या माझ्याकडे पाहायला लागल्या. मी तिळगूळ पुढे केला आणि म्हटलं, "हो, खरंय."