बायको अभिलेखागारात जाऊ लागली तेव्हा

मी बँकेतून निवृत्त झालो त्याच वर्षी बायकोने पीएच.डी.ला नाव घातलं. विषय होता रत्नागिरीतल्या आमच्या जुन्या कॉलेजच्या वसतिगृहांचा इतिहास. आता रोज दोघांनी मांडवीच्या किनाऱ्यावर फिरायला जायचं, असं मी मनाशी ठरवलं होतं. पण ती सकाळीच डबा घेऊन विद्यापीठाच्या ग्रंथालयात जायची आणि मी घरी कुकर लावायचो.

ग्रंथालयाच्या वरच्या मजल्यावर अभिलेखागार आहे. कॉलेजची जुनी कागदपत्रं, फोटो, गॅदरिंगच्या पत्रिका असं सगळं तिथे जपून ठेवलंय. संध्याकाळी घरी आली की ती दुसरं काही बोलायचीच नाही.

"अहो, आज मेसमधल्या बायकांचा फोटो मिळाला. सरांनी मी मागायच्या आधीच काढून ठेवला होता. मला काय हवंय ते त्यांना बरोबर कळतं."

हे सर म्हणजे अभिलेखागार सांभाळणारे गृहस्थ. माझा घास तोंडातच राहिला. इतक्या वर्षांच्या संसारात हे वाक्य कधी माझ्या वाट्याला आलं नव्हतं.

एकदा ती डबा विसरली. मी लगेच रिक्षा केली. सर माझ्याहून वयस्कर निघाले, कानाला यंत्र, एसीमुळे अंगात स्वेटर. जरा बरं वाटलं. मग खिडकीशी बसलेली बायको दिसली. कानाला हेडफोन लावून ती हसत होती, आवाज न करता, खांदे हलवत. अशी ती घरी शेवटची कधी हसली होती, आठवेना.

"जुन्या विद्यार्थ्यांच्या आठवणी आम्ही ध्वनिमुद्रित करून ठेवतो," सर हळूच म्हणाले. "वसतिगृहाचे नियम कागदावर सापडतात. मुलं ते कसे मोडायची, ते कुणी लिहून ठेवत नाही."

बायकोने मला हेडफोन दिला. "ऐका तर."

आवाज ओळखीचा होता. वसतिगृहात माझ्याच खोलीत राहणारा खेडकर, खेडचा. शाकाहारी मेसला कंटाळून आपण स्टोव्हवर सुकट कशी भाजली, वासावर रेक्टर कसे आले, आधी कसे ओरडले आणि मग "थोडा कांदा घाला रे" म्हणत खाली कसे बसले, हे तो रंगवून सांगत होता.

"ती सुकट माझी होती," मी म्हणालो. वाचणाऱ्या मुलांनी माना वर केल्या.

"तुमची?"

"आईने गावाहून, नाटे बंदरातून पाठवलेली. खेडला समुद्र तरी आहे का?"

"मग मला कधी सांगितलं नाहीत ते?"

"लग्न झालं त्याच वर्षी सांगितलं. तू भांडी आवरत होतीस."

सरांनी मलाही बोलावलं. माईकसमोर बसून मी सगळं सांगितलं. खेडकर फक्त दाराशी पहारा करत होता, हे दोनदा सांगितलं.

"दोन्ही जपून ठेवू," सर म्हणाले.

"पण खरं माझं आहे."

"असेल. उद्या तिसरा येऊन म्हणेल, सुकट माझी होती. वसतिगृहात सुकट भाजली जायची, एवढं तरी नक्की झालं. तुमच्या मिसेसना तेच हवंय."

काही महिन्यांनी तिने प्रकरण लिहून मला वाचून दाखवलं. खेडकराचं सांगणं दोन परिच्छेद भरून होतं. त्याखाली एक ओळ: 'अन्य एका माजी विद्यार्थ्यानेही असाच अनुभव सांगितला.'

"असाच?" मी म्हटलं.

"त्यांची सांगायची पद्धत छान आहे हो. तुम्ही निम्मा वेळ तक्रारच केलीत."

त्या रात्री मी तिच्याशी बोललो नाही. ते तिच्या लक्षात आलं नसावं. ती तळटीपा तपासत होती.

पुढे खेडकर आपल्याकडचे वसतिगृहाचे फोटो अभिलेखागाराला द्यायला रत्नागिरीत आला. बायकोने त्याला जेवायलाच बोलावलं आणि स्वतः बाजारात जाऊन सुरमई आणली. मला बघताच त्याने कडकडून मिठी मारली. मनात काही ठेवणारा माणूस नाही तो, हेही मला जरा खुपलंच. जेवताना त्याने तीच गोष्ट पुन्हा सांगितली. बायकोने ती किती वेळा ऐकली होती कोण जाणे, तरी पदर तोंडाला लावून हसली.

"याला विचारा वहिनी," तो माझ्याकडे बोट दाखवून म्हणाला, "हा होताच तिथे. दाराशी पहाऱ्याला."

मी त्याला आणखी एक तुकडी वाढली, शेपटाकडची, सगळ्यात लहान.